यंत्राचा गळा, तारेची साथ

फोन लावला आणि पलीकडची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर असली, की एक आवाज तसे सांगतो. बँकेचा एक आवाज असतो, गॅस बुकिंगचा असतो, रेल्वे स्थानकावरचा असतो. उच्चार स्वच्छ, शब्द अडखळत नाही, दहाव्यांदा सांगतानाही त्रासिकपणा नाही. तरी दोन-चार शब्दांतच आपल्याला कळते की पलीकडे माणूस नाही. कानाने थोड्या मंद झालेल्या आजीलाही ते कळते आणि ती फोन खाली ठेवते.

हे कानाला कशावरून कळते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधण्यात अभियंते आणि डॉक्टर यांच्याइतकाच प्रयोगशील संगीतकारांचाही वाटा आहे. संगणकाने घडवलेला आवाज आणि माणसाने हाताने वाजवलेली तंतुवाद्ये त्यांनी एकाच मंचावर आणली. व्हायोलिनचा सूर शेजारी आला की यंत्राच्या गळ्यात काय आहे आणि काय नाही, ते लगेच उघडे पडते. वरवर हा मोठ्या शहरांतल्या हौशी लोकांचा खेळ वाटेल. पण घशाच्या कर्करोगाने किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने ज्यांचा आवाज गेला, त्यांना तो परत कसा द्यायचा, या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

गळा आणि तार

आपल्याकडे गळा आणि तार यांची जोडी फार जुनी. वारकऱ्याची वीणा, भजनातली एकतारी, गोंधळ्याचे तुणतुणे, नाथपंथी जोग्याची किंगरी. संत नामदेवांचे नरसी हे गाव आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. इकडे कनेरगाव नाक्याच्या परिसरातही अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. गाणाऱ्याला सुराचा आधार तारेने द्यायचा, हे आपल्या रक्तात मुरलेले आहे.

या जोडीमागे शरीरशास्त्राचे कारण आहे. ‘स्वरतंतू’ या शब्दामुळे घशात दोन तारा ताणून बसवल्या असाव्यात असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्या मऊ, थरांच्या दोन घड्या आहेत. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग चिवट अस्थिबंध आणि सर्वांत आत स्नायू. लांबी किती? स्त्रियांमध्ये साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर, पुरुषांमध्ये पावणेदोन ते अडीच. फुफ्फुसांतून वर येणारी हवा या घड्यांना उघडते, त्या लगेच मिटतात, पुन्हा उघडतात. बोलताना पुरुषाच्या घशात हे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा घडते, स्त्रीच्या घशात दोनशेच्या आसपास.

एवढ्यावर आवाज तयार होत नाही. स्वरतंतूंपाशी निघतो तो नुसता गुंजारव. त्याला ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ बनवते ती वरची पोकळी म्हणजे घसा, तोंड, जीभ, ओठ आणि नाक. जीभ हलली की पोकळीचा आकार बदलतो आणि ठरावीक पट्ट्यांतले सूर उठावदार होतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ गुन्नार फांट यांनी १९६० साली हे गणिती नेमकेपणाने मांडले. एक उगम आणि एक गाळणी.

आता व्हायोलिन किंवा सारंगी पाहा. गजाचे राळ लावलेले केस तारेला चिकटून ओढतात, तार सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे चालते आणि त्यातून स्वरतंतूंसारखाच भरगच्च, अनेक उपस्वरांचा गुंजारव निघतो. लाकडी पेटी त्यातले काही पट्टे उचलून धरते, काही दाबते. इथेही एक उगम आणि एक गाळणी. म्हणून ‘सारंगी गाते’ असे आपण म्हणतो, ते नुसते कौतुक नसते. २०१८ साली तैवानच्या संशोधकांनी इटलीतल्या आमाती आणि स्ट्राडिव्हारी घराण्यांच्या जुन्या व्हायोलिनांचे आवाज गायकांच्या आवाजाशी ताडून पाहिले, तेव्हा त्या वाद्यांच्या ध्वनीत माणसाच्या स्वरोच्चारांसारखी ठेवण आढळली.

गळा आणि गजाने वाजणारी तार अशी भावंडे असल्यामुळेच यंत्राच्या आवाजाची पारख तारेशेजारी सर्वांत चांगली होते. ड्रमसेटच्या गोंगाटात यंत्राचा आवाज खपून जातो. एकट्या चेलोसमोर तो खपत नाही.

संगणक आधी गायला

यंत्राला बोलते करण्याचे प्रयत्न बरेच जुने. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात होमर डडली यांचे ‘व्होडर’ लोकांनी ऐकले. एक तरुणी पेटीवादकासारखी बसून कळा दाबत असे, पायाने पट्टी खालीवर करत असे आणि यंत्र बोलत असे. त्या वादकांना हे शिकायला वर्षभर लागले होते.

१९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाने एक जुने इंग्रजी प्रेमगीत म्हटले. जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी त्याचा गळा घडवला होता. त्यांनी माणसाच्या घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचे छोट्या-छोट्या नळ्यांचे तुकडे कल्पिले, प्रत्येक तुकड्याची रुंदी आकड्यांत मांडली आणि त्यातून ध्वनीची लाट कशी सरकेल याचे गणित संगणकाकडून करून घेतले. खरा घसा नाही, फक्त त्याचे गणित. आर्थर सी. क्लार्क यांनी हे गाणे ऐकले आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये बंद पडत जाणाऱ्या संगणकाच्या तोंडी तेच घातले.

या गाण्याच्या साथीचे संगीत संगणकावर तयार करणारे मॅक्स मॅथ्यूज हे अभियंते होते आणि हौशी व्हायोलिनवादकही. १९५७ मध्ये त्यांनी संगणकाकडून सूर काढणारी आज्ञावली लिहिली. पुढे त्यांनी इलेक्ट्रॉनिक व्हायोलिनही बनवली. त्यांत लाकडी पेटीऐवजी विद्युत मंडले तारेच्या आवाजाला घाट देत. एका हाताने संगणकाला गळा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने गज धरायचा, ही जोडी एकाच माणसात होती.

त्यानंतरच्या साठ वर्षांत तंत्र तीन टप्प्यांतून गेले. पहिला टप्पा केली-लॉकबॉम यांच्यासारखा, नियमांतून आवाज घडवण्याचा. दुसरा, खऱ्या माणसाचे ध्वनिमुद्रण तुकड्या-तुकड्यांनी साठवून ते जोडण्याचा. रेल्वे स्थानकावर गाडीचा क्रमांक आणि गावाचे नाव सांगताना शब्दांमध्ये जी बारीक सांध जाणवते, ती या जोडकामाची. यामाहा कंपनीची ‘व्होकलॉइड’ ही गाणारी आज्ञावलीही असेच तुकडे जोडते. तिच्यावर २००७ साली आलेली ‘हात्सुने मिकू’ ही जपानी आभासी गायिका जगभर गाजली. तिचा मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. तिसरा टप्पा आजचा. असंख्य तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून आवाजाची ठेवण स्वतः शिकणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. हा आवाज फोनवर ऐकून आता तज्ज्ञही फसतात.

मंचावर समोरासमोर

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९८८ मध्ये ‘डिफरंट ट्रेन्स’ ही रचना क्रोनॉस क्वार्टेटसाठी केली. तिच्यात आवाज संगणकाने घडवलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आगगाड्यांच्या आठवणी सांगणाऱ्या माणसांच्या ध्वनिमुद्रणांतले छोटे तुकडे आहेत. पण तंतुवाद्यांनी त्या बोलण्यातली चाल पकडली. बाई बोलली की व्हिओला तिचा चढउतार वाजवतो, पुरुष बोलला की चेलो. ऐकताना लक्षात येते की साध्या बोलण्यातही केवढे गाणे असते. आपल्या डोळ्यांदेखत हेच घडत असते. ‘जेवलास का?’ या दोन शब्दांत आईचा राग, काळजी किंवा समजूत सुरावरूनच कळते.

ब्रिटिश संगीतकार जोनाथन हार्वी यांनी २००८ साली उलट वाट धरली. पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीतविज्ञान संस्थेत त्यांनी ‘स्पीकिंग्ज’ ही रचना केली. मंचावर पूर्ण वाद्यवृंद जिवंत वाजत असतो आणि संगणक त्याच क्षणी त्या सुरांवर माणसाच्या बोलण्याची ठेवण चढवतो. वाद्येच जणू बोलायला शिकतात. आधी तान्ह्या बाळाचे हुंकार, मग बडबड, मग बोलण्याची गर्दी आणि शेवटी शांत स्तोत्र. आवाज यंत्राचा की तारेचा, हे ऐकताना सांगता येत नाही.

जपानमध्ये इसाओ तोमिता या ज्येष्ठ संगीतकाराने २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ‘इहातोव्ह सिंफनी’ सादर केली. पूर्ण वाद्यवृंद, गायकवृंद आणि एकल गायिका म्हणून हात्सुने मिकू. तोपर्यंत अशा कार्यक्रमांत माणसे यंत्राच्या मागे जात, कारण यंत्राची लय आधीच ठरलेली असे. तोमितांनी आग्रह धरला की यंत्राने संचालकाच्या छडीमागे जावे. तो थांबला तर थांबावे, त्याने लय ओढली तर ओढावी. त्यासाठी खास यंत्रणा तयार करावी लागली.

अशा प्रयोगांतून कानाला जे सापडले, ते दोन शब्दांत सांगता येते. थरथर आणि साथ.

निर्दोष सुराचा दोष

निरोगी माणसाने ‘आ’ असा एकच सूर कितीही स्थिर लावला तरी स्वरतंतूंचे प्रत्येक कंपन आधीच्या कंपनाइतके हुबेहूब नसते. त्यांच्या कालावधीत साधारण एक टक्क्यापेक्षा कमी फरक पडत राहतो. कारण मागे जिवंत यंत्रणा आहे. स्नायूंना येणारे मज्जासंदेश, छातीतला ठोका, घशातला ओलावा, श्वासाचा जोर. हा फरक कानाला वेगळा ऐकू येत नाही. पण तो पूर्ण काढून टाकला की आवाज लगेच यंत्राचा वाटतो. आणि तो वाढला की डॉक्टरचे कान टवकारतात. स्वरतंतूंवर गाठ, सूज किंवा एका बाजूचा लकवा असेल तर आवाज खरखरीत होतो, त्यात हवा गळते. कंपवाताच्या रुग्णाचा आवाज दबतो आणि सपाट होतो. आवाजाच्या तपासणीत हीच थरथर आम्ही मोजतो.

तंबोऱ्यात हे अधिक ठळक कळते. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित वक्र असते. तिच्यावर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी जमवतात. छेडलेली तार त्या वक्र पृष्ठाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि सूर विरत जाताना त्यातून एकामागून एक उपस्वर उमलतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात हे विशेष नोंदवले. तारेच्या कंपनाच्या जुन्या युरोपीय नियमानुसार जे उपस्वर ऐकू यायलाच नकोत, ते तंबोऱ्यात ऐकू येतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही घोडी कानसेने आणि कानाने घडवत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सोयीचा आहे, प्रवासात उपयोगी आहे, सुरात तर असतोच. पण गायक मैफलीत शक्यतो खरे तंबोरे मागतात, कारण खऱ्या तंबोऱ्याचे कोणतेच आवर्तन आधीच्या आवर्तनाची नक्कल नसते.

आपल्या रागसंगीतात यंत्राची आणखी एक अडचण होते. पाश्चात्त्य गाण्यात बहुतेक सूर पायऱ्यांसारखे सुटे लिहिता येतात. आपला गायक ‘ग’वरून ‘म’वर जातो तेव्हा मधला घाटच राग सांगतो. मींड, कण, आंदोलन, गमक हे सगळे सुरांच्या मधल्या जागेत घडते. पायऱ्या मोजणाऱ्या यंत्राला ही जागा रिकामी दिसते. म्हणून मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापिका प्रीती राव आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे गायकाच्या सुराची ही सलग रेषा संगणकाने कशी टिपायची, यावर काम करत आले आहेत. २०२४ साली परदेशात काम करणाऱ्या एका संशोधक गटाने हिंदुस्थानी गायनासाठी एक प्रारूप मांडले. त्याचे नावच ‘गमधनी’. ते आधी सुराची वळणदार रेषा घडवते आणि मग तिच्यावर गळ्याचा रंग चढवते. सूर आणि गळा वेगवेगळे हाताळण्याची ही रीत पाहिली की फांट यांची उगम आणि गाळणी आठवते.

साथ म्हणजे वेळेत असणे

थरथर यंत्राला शिकवता येऊ लागली आहे. साथ अवघड आहे.

सारंगी किंवा संवादिनीवर साथ करणारा गायकाच्या मागे किती असतो? गायकाची तान संपायच्या आत त्याच्या बोटांनी ती उचललेली असते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवर बसलेल्या वादकाचा सूर आपल्यापर्यंत यायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ३०. एवढा उशीर वादक सांभाळून घेतात. तो याहून बराच वाढला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय ओढली जाते. टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर एकत्र भजन म्हणायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्वतःच्याच आवाजाबाबत कान याहून हळवा असतो. आपले बोलणे आपल्याच कानात एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकवले, तर चांगला बोलणारा माणूसही अडखळू लागतो, शब्द लांबवू लागतो. १९५० च्या सुमारास हे नोंदले गेले आहे. कारण बोलताना मेंदू सतत स्वतःला ऐकून पुढचा उच्चार दुरुस्त करत असतो. आपण स्वतःचीच साथ करत असतो.

तोमितांना मिकूने छडीमागे जावे असे वाटले ते यासाठीच. संगीतातली ही अडचण रुग्णालयात जशीच्या तशी समोर येते.

मंचावरून वॉर्डात

१८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्णाला पुन्हा बोलता यावे म्हणून त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी एक कृत्रिम स्वरयंत्र बनवले. त्यात हवेने थरथरणारी रीड बसवली होती. बाजाच्या पेटीतली रीड ज्या तत्त्वावर वाजते, त्याच तत्त्वावर. म्हणजे आवाज गेलेल्या माणसाला वैद्यकाने पहिल्यांदा दिले, ते एक वाद्यच होते.

आज स्वरयंत्र काढलेल्या रुग्णासमोर साधारण तीन वाटा असतात. गळ्याला बाहेरून लावायचे विजेवरचे कंपक यंत्र ही एक. त्याने बोलणे कळते, पण सूर बहुधा एकाच पट्टीत अडकतो. हसताना, रागावताना, प्रश्न विचारताना तीच पट्टी. दुसरी वाट अन्ननलिकेतून हवा बाहेर काढत बोलायला शिकण्याची. तिला चिकाटी लागते. तिसरी, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटी झडप बसवण्याची. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी ही पद्धत रूढ केली. रुग्ण स्वतःच्या श्वासावर बोलतो, त्यामुळे बोलण्यात चढउतार परततो. परदेशी झडप हजारो रुपयांची असते आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. बंगळुरूचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुमारे ५० रुपयांत तयार होणारी ‘ओम’ ही झडप बनवली, ती या अडचणीवरचे उत्तर म्हणून.

ज्यांचे स्वरयंत्र शाबूत आहे पण मेंदूकडून येणारे संदेशच थांबले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये श्वासनलिकेला छिद्र पाडल्यावर गेला. पुढे जगाने ओळखला तो त्यांचा यांत्रिक आवाज डेनिस क्लॅट या शास्त्रज्ञाच्या कामातून आलेला होता आणि त्याचा नमुना खुद्द क्लॅट यांचा गळा होता. क्लॅट यांचा स्वतःचा आवाज कर्करोगाने हिरावला आणि १९८८ मध्ये ते गेले. त्यांचा गळा हॉकिंग यांच्या तोंडून पुढे तीस वर्षे बोलत राहिला. नंतर अधिक चांगले आवाज मिळत असतानाही हॉकिंग यांनी तो बदलला नाही. तो आता त्यांचाच झाला होता.

हॉकिंग यांना एक वाक्य जुळवायला मिनिटे लागत. श्रोते थांबत, आदराने थांबत. पण घरात कोणी इतके थांबत नाही. रुग्ण बोलायच्या आत विषय पुढे गेलेला असतो. आवाज गेलेल्या माणसाचे खरे दुःख हे आहे. त्याला चांगला आवाज मिळाला तरी तो वेळेत मिळत नाही, म्हणजे साथ मिळत नाही.

इथे गेल्या वर्षा-दोन वर्षांतली एक घडामोड मोलाची आहे. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राचे संशोधन प्रसिद्ध झाले. पहिल्या लेखिका डॉ. मैत्रेयी वैरागकर. स्नायूंचे नियंत्रण हळूहळू हिरावणाऱ्या ‘एएलएस’ या आजाराने ज्याचे बोलणे समजेनासे झाले होते, अशा एका ४५ वर्षांच्या माणसाच्या मेंदूत बोलण्याशी संबंधित भागावर २५६ सूक्ष्म विद्युत-अग्रे बसवलेली होती. याआधीची उपकरणे मेंदूच्या संदेशांवरून वाक्य लिहून काढत आणि मग ते वाचत. या संशोधनात मेंदूतल्या संदेशांचे थेट आवाजात रूपांतर केले गेले आणि तो आवाज आजारापूर्वीच्या त्या माणसाच्या आवाजासारखा घडवलेला होता. उशीर सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाचा, म्हणजे २५ मिलिसेकंदांचा. दहा मीटरवर बसलेल्या वादकाइतकाही नाही. ऐकणाऱ्यांना त्याचे जवळपास ६० टक्के शब्द कळले. यंत्राशिवाय ४ टक्के कळत होते. त्याला वाक्यात हव्या त्या शब्दावर जोर देता आला, प्रश्नार्थक सूर लावता आला आणि त्याने साध्या छोट्या चालीही गुणगुणून दाखवल्या. यंत्र एकाच रुग्णावर वापरले गेले आहे आणि दहातले चार शब्द अजून निसटतात, हे विसरून चालणार नाही. तरी दिशा दिसते.

‘स्पीकिंग्ज’ रचणारे जोनाथन हार्वी डिसेंबर २०१२ मध्ये गेले, ते याच वर्गातल्या आजाराने. वाद्यांना बोलायला शिकवणाऱ्याला बोलणे हिरावणाऱ्या आजाराने गाठावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

हा गळा कोणाचा?

दुसऱ्याचा गळा हुबेहूब घडवता येऊ लागला, तशी मालकीची अडचण उभी राहिली. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी एका तमिळ गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. आवाज हा माणसाच्या व्यक्तित्वाचा भाग आहे, हे न्यायालयाने मानले. रुग्णालादेखील तेच लागू. त्याचा आवाज त्याच्या संमतीने, त्याच्यासाठीच वापरला जावा. नातेवाइकाच्या नक्कल आवाजात पैसे मागणारे फोनही येऊ लागले आहेत. अशा वेळी फोन ठेवून स्वतः त्या नंबरवर परत लावणे हा सर्वांत सोपा उपाय.

आपल्यासाठी याचा उपयोग काय

कनेरगाव नाक्यावरून ‘नेचर’मधल्या प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर फार आहे, हे मान्य. पण या सगळ्यातून आज, इथे करता येण्याजोग्या चार गोष्टी निघतात.

पहिली, आवाज जाण्याआधी तो वाचवणे. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल, तर घरगुती काढे आणि गुळण्या यांच्यावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्यावे. तपासणी काही मिनिटांची असते. स्वरतंतूवरचा कर्करोग सुरुवातीलाच आवाज बदलतो, म्हणून तो लवकर सापडू शकतो. लवकर सापडला तर अनेकदा स्वरयंत्र न काढता, किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो. गिळताना दुखणे, कानात कळ जाणे, मानेला गाठ, थुंकीतून रक्त, श्वास घेताना घरघर, यातले काहीही असेल तर तीन आठवडेही थांबू नये.

दुसरी, कारण दूर करणे. स्वरयंत्राच्या कर्करोगात विडी-सिगारेट आणि दारू या जोडीचा वाटा सर्वांत मोठा. तंबाखू, खर्रा आणि गुटख्याचा मार तोंडावर अधिक बसतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले, त्यात चघळणारेच बहुसंख्य. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

तिसरी, आवाज साठवून ठेवणे. स्वरयंत्राची शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा बोलणे हळूहळू जाणाऱ्या आजाराचे निदान झाले असेल, तर त्याच दिवसापासून मोबाइलवर रुग्णाचा आवाज ध्वनिमुद्रित करायला लागावे. शांत खोलीत, पंखा बंद करून, तोंडापासून वीतभर अंतरावर मोबाइल धरून. वर्तमानपत्र वाचू द्यावे. घरच्यांची नावे घेऊ द्यावीत. नातवंडांना हाक मारू द्यावी, रागावू द्यावे, हसू द्यावे, येत असेल तर एखादा अभंग म्हणू द्यावा. पूर्वी यंत्राला एक आवाज शिकवायला तासन्‌तास ध्वनिमुद्रण लागे, आता थोडक्यातही काम भागू लागले आहे. अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा आवाज कर्करोगाने गेला, तेव्हा त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतूनच त्यांचा संगणकी आवाज घडवता आला. ध्वनिमुद्रण नसेल तर मात्र कोणतेही तंत्र काही करू शकत नाही.

चौथी गोष्ट आपल्या बोलीची. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी असे तंत्र उभे करत आहे, त्यात मराठीही आहे. पण यंत्राला शिकवलेली मराठी बहुधा पुस्तकी असते. इकडे पैनगंगेच्या एका अंगाला ‘काहून’ म्हणतात, दुसऱ्या अंगाला ‘कामून’. आयुष्यभर ‘कामून रे?’ विचारणाऱ्या आजोबांच्या तोंडी यंत्राने ‘का बरे?’ घातले, तर उच्चार कितीही शुद्ध असला तरी नातवाला तो परकाच वाटेल. म्हणून ध्वनिमुद्रण करताना रुग्णाला शुद्ध बोलायला लावू नये. जसे बोलतात तसेच बोलू द्यावे.

तपासणी आणि उपचारासाठी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही आपल्या भागातून जाण्याजोगी ठिकाणे. शस्त्रक्रियेच्या आधीच वाचा-उपचार तज्ज्ञाची भेट मागून घ्यावी. नंतर कसे बोलता येईल, झडप बसवता येईल का, कंपक यंत्र कुठे मिळेल, हे सगळे आधीच विचारावे.

आणि घरच्यांसाठी एक शेवटची गोष्ट, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. आवाज गेलेला माणूस पाटीवर लिहीत असेल, यंत्र गळ्याला लावत असेल किंवा झडपेवर बोट ठेवून शब्द जुळवत असेल, तेव्हा त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. थांबावे. चांगला साथीदार तेच करतो.